वेंडेलिनच्या पापण्या

आमच्या कॅथेड्रलच्या उत्तरेकडच्या मनोऱ्यात असा एकही दगड नाही, ज्याला माझा हात लागलेला नाही. आता त्यातल्या निम्म्या दगडांना मी दमल्यावर टेकायला म्हणून हात लावलेला आहे, आणि उरलेल्यांतले बरेचसे माझ्या जोडीदाराने घडवून पुरे केल्यावर मी नुसते थोपटलेले आहेत, हे खरं. पण लागला तो हात लागलाच. खाली चौकात उभं राहून माना दुखेपर्यंत वर बघणाऱ्या प्रवाशांना मी हेच सांगतो, आणि ते बिचारे कळस सोडून माझाच फोटो काढून नेतात.

जोडीदार म्हणजे वेंडेलिन. आमची दगडशाळा कॅथेड्रलच्या पायथ्याशी, नदीकडच्या बाजूला, एका लांबलचक लाकडी शेडमध्ये आहे, आणि सहाशे वर्षांत तिथलं काम संपलेलं नाही, कारण पूर्वेकडून दुरुस्ती करत करत पश्चिमेला पोचेपर्यंत पूर्वेचे दगड पुन्हा झिजायला लागलेले असतात. माणूस शिकाऊ म्हणून आला की त्याला एक जोडीदार मिळतो. दगडाच्या एका अंगाला हा, दुसऱ्या अंगाला तो, आणि दोघांपैकी एक जण निवृत्त होईपर्यंत ती जोडी मोडत नाही. लग्नं मोडतात, माझी दोन मोडली. मी आठवीतून शाळेला रामराम ठोकून आलो तेव्हा समोरच्या अंगाला वेंडेलिन उभा होता, आणि बेचाळीस वर्षं तो तिथेच उभा राहिला. तो ओठ मिटून, चारदा मापून एकदा हातोडा मारणारा. मी एकदा मापून चार किस्से सांगणारा. मी त्याच्या ॲप्रनच्या नाड्या परांचीला बांधल्या, त्याच्या टोपीत ओला चुना भरला, आणि एकदा तर त्याच्या डब्यातल्या पावात सॉसेजच्या जागी हुबेहूब रंगवलेला दगड घालून ठेवला. त्याने भुकेने मोठा घास घेतला आणि समोरचा दात कोपऱ्यात तुटला. त्याने तो तुकडा तळहातावर घेऊन उजेडात धरला, मग पावातला दगड धरला, आणि म्हणाला, "रंग मात्र झकास जमलाय." त्यानंतर आठवडाभर मी त्याची एकही खोडी काढली नाही. तेवढा माझा विक्रम.

दगडशाळेत एक जुनी रीत आहे. पाथरवट निवृत्त होतो तेव्हा त्याचा जोडीदार त्याचा चेहरा दगडात कोरतो आणि तो दगड मनोऱ्यात कुठेतरी उंचावर, खालून कुणालाही दिसणार नाही अशा जागी बसवला जातो. चेहरा शेवटच्या दिवसाचा हवा. कामावरून खाली उतरताना माणूस जसा असेल तसा, सुरकुत्या, टक्कल, चामखीळ, सगळ्यासकट. खुशामत चालत नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचा देखणा चेहरा कोरून देणाऱ्या एकाला तो दगड फोडून पुन्हा करायला लावल्याचं आमच्याकडे अजून सांगतात.

वेंडेलिनचा शेवटचा दिवस मे महिन्यात होता. मी वर्षभर सगळ्यांना सांगत सुटलो होतो की त्याला मी गाढवाचे कान देणार, मागे पाडलेले, चांगले वीतभर लांब. खरं म्हणजे मी दगडाला हातही लावला नव्हता. निवडून ठेवलेला दगड माझ्या कोपऱ्यात पोत्याखाली पडून होता, आणि रोज सकाळी मी त्यावर कोट टाकत असे. चेहरा झाला की माणूस जातो. तेव्हा तो झालाच नाही तर कोण जाणे, राहीलही, असलं काहीतरी पोरकट माझ्या डोक्यात होतं. असल्या गोष्टी मी कुणाला सांगत नसतो.

एप्रिलमध्ये मनोऱ्याच्या उत्तर भिंतीला तडा दिसला. मूळ मनोरा आणि त्याला शंभर वर्षांनी चिकटवलेली बाहेरची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद पोकळी आहे हे जुन्या नकाशांवरून ठाऊक होतं, पण ती बांधली त्या दिवसापासून कुणी उघडली नव्हती. आमची प्रमुख आल्मुट हिने स्वतः पहिला दगड सोडवला. सांध्यातला चुना इतका जुना की छिन्नी टेकवताच त्याचं पीठ होत होतं. तिने विजेरी आत घातली, आणि मागोमाग डोकं घातलं. मग डोकं बाहेर काढून, भुवईवरची धूळ पुसत, ती माझ्याकडे बघत म्हणाली, "क्विरिन, नालायका, तू आत शिरलास तरी कुठून?"

"मी कुठे शिरलोय?"

"बघा, बघा, कसा साळसूदपणाचा आव आणतोय! वेंडेल, तू ये. तुझंच आहे ते, आधी तू बघ."

वेंडेलिन वाकला. मला त्याची फक्त पाठ दिसत होती. थोड्या वेळाने ती हलायला लागली, आणि तो हसतोय असं समजून मीही कशाला ते न कळता हसायला लागलो. मग तो बाजूला झाला आणि मी आत पाहिलं.

कमानीचा भार पेलणाऱ्या दगडावर वेंडेलिन होता. कुणीतरी त्याच्यासारखा दिसणारा नव्हे, तो. डोळ्यांखालच्या पिशव्या, नाकावरची मोठी छिद्रं, तुटक्या दाताचा तिरपा कोपरा, कानातून बाहेर आलेले ते चार राठ केस, ज्यांवरून मी त्याला वीस वर्षं छळत आलो होतो. आणि त्या केसांच्या वर, टकलाभोवतीच्या झुलपांवरून मागे पडलेले, वीतभर लांब, मखमलीसारखे मऊ गाढवाचे कान. त्या कानांवर धुळीचा थर एवढा जाड होता की त्यात माझं बोट पहिल्या पेरापर्यंत बुडालं.

मी "हे मी केलेलं नाही" असं म्हणणारच होतो. तोंडही उघडलं होतं. पण तेवढ्यात वेंडेलिनने मला मिठी मारली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. दगडाची धूळ त्याच्या गालांवर ओली झाली होती.

"मला वाटायचं, तू माझ्याकडे कधी धड बघितलंच नाहीस," तो माझ्या खांद्यात म्हणाला. "नुसत्या टवाळक्या. आणि गाढवा, तू सगळं बघत होतास."

आता सांगा, यावर माणसाने काय म्हणावं?

"मग काय," मी म्हणालो, "मी आंधळा आहे की काय?"

"आणि ही एवढी धूळ?" आल्मुटने विचारलं. "ही कुठून पैदा केलीस?"

"रोझविताच्या पलंगाखालून," मी म्हणालो, आणि वेंडेलिनसकट सगळे हसले. रोझविता त्याची बायको. तिच्या घरात धुळीचा कण सापडत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

आल्मुटने पुन्हा एकदा आत विजेरी फिरवली. "एक चूक केलीस मात्र. डाव्या भुवईवर ही खोक कसली? आकड्यासारखी? वेंडेलच्या भुवईवर तर काही नाही."

"दगडात दोष होता," मी म्हणालो.

संध्याकाळी मी दगडशाळेतल्या एकेकाला गाठून विचारलं. प्रत्येकाला वाटलं, म्हाताऱ्याला कौतुक पुन्हा ऐकायचंय. मी जितकं नाकारलं तितके ते डोळे मिचकावत गेले. आयुष्यभर इतक्या लोकांना इतकं बनवलं होतं की आता खरं बोलण्याची माझी पाळी आली तेव्हा माझ्याकडे ऐकणारा एकही माणूस शिल्लक नव्हता. हेही मला त्या वेळी गमतीचंच वाटलं. कुणीतरी माझ्यावर ताण केली होती. कोण ते कळलं असतं तर मी त्याला बिअर पाजली असती.

नवव्या दिवशी चौथ्या मजल्याच्या परांचीवर दगड वर घेत असताना कप्पीचा आकडा वाऱ्याने फिरला आणि वेंडेलिनला लागला. फार नाही, तीन टाके. पट्टी निघाली त्या दिवशी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि बोटाने डावी भुवई दाखवत म्हणाला, "घे. तू आधी चुकलास, आता मला त्या चुकीला जुळवून घ्यावं लागलं." खोक आकड्याच्या आकाराची होती. तो मनापासून हसत होता. मीही हसलो.

दुपारी मी एकटाच त्या भगदाडाशी गेलो. पहिल्या दिवशी मी त्या चेहऱ्याचे कान पाहिले होते, दात पाहिला होता. डोळे खाली वळलेले असावेत असं मी मनाने धरून चाललो होतो, कारण वेंडेलिन म्हटलं की तो हातातल्या कामाकडेच बघत असणार. आता मी विजेरी खालून धरली. डोळे खाली वळलेले नव्हते. ते मिटलेले होते. पापण्या हलकेच टेकलेल्या, कुणीतरी हाताने मिटवल्यासारख्या. आणि ओठ किंचित विलग, म्हणूनच तर तो तुटका दात दिसत होता.

चेहरा शेवटच्या दिवसाचा असतो. कामावरून खाली येताना माणूस जसा असेल तसा.

अकरा दिवस उरले होते. त्या अकरा दिवसांत मी जे केलं त्याला दगडशाळेत अजून 'क्विरिनचा आचरटपणा' म्हणतात. मी वेंडेलिनचे बूट लपवले. तो रबरी चपला घालून परांचीवर चढला. मी त्याच्या कॉफीत पोट साफ करण्याचं औषध घातलं. ते आल्मुटने प्यायलं. मी शिडीच्या तळाशी 'दुरुस्ती चालू, वर जाऊ नये' अशी पाटी लावली, तर स्पेलिंग पाहून सगळ्यांनी ओळखलं की पाटी कुणाची. शेवटी मी सरळ शिडीला मिठी मारून उभा राहिलो.

"बाजूला हो," वेंडेलिन म्हणाला.

"आजारी पड ना दोन आठवडे. लोक पडतात. तुला पडायला काय होतं?"

"शेवटचे दोन आठवडे? बेचाळीस वर्षांत नाही पडलो तो आता?" मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा आवाज मऊ झाला. "मी काय गाव सोडून चाललोय, वेड्या? तीन गल्ल्या पलीकडे राहतो. रविवारी जेवायला ये. रोझविता डाळ करते." आणि माझी बोटं एकेक करून सोडवत तो वर गेला.

मी आल्मुटकडे गेलो. दार लावलं. तिला सगळं सांगितलं. चेहरा माझा नाही, खोक आधी होती, डोळे मिटलेले आहेत. ती शांतपणे ऐकत होती, आणि मला वाटलं, सुटलो.

"क्विरिन," ती म्हणाली, "मी इथे पहिल्या दिवशी आले तेव्हा तू मला डावखुरी छिन्नी आणायला पाठवलं होतंस. मी अख्खं गाव पालथं घातलं. लोहाराकडे जाऊन रडले."

"ते वेगळं."

"तेव्हाही तुझं तोंड असंच होतं. अगदी असंच." मग ती उठली आणि तिने माझ्या कोटाची कॉलर नीट केली, आईने करावी तशी. "तो जाणार म्हणून तुला त्रास होतोय. होऊ दे. पण त्याच्या शेवटच्या दिवसांचा विचका करू नकोस."

उरला तो मीच, आणि माझ्याकडे छिन्नीखेरीज दुसरं काही नव्हतं.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता आमच्याकडे मोठी घंटा पाव तास वाजते, आणि त्या पाव तासात मनोऱ्यात कुणी कुणाच्या कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. सगळे खाली जेवायला उतरले. मी भगदाडातून आत सरकलो आणि गुडघ्यांवर बसलो. माझा बेत साधा होता. डोळे उघडायचे. शेवटच्या दिवशी उघड्या डोळ्यांनी उतरलेला माणूस, एवढंच. उघडा डोळा कोरणं हे आमच्यात अवघड मानत नाहीत: मिटलेल्या पापणीचा फुगवटा आत घ्यायचा, वरची कडा धारदार ठेवायची, आणि बुबुळाच्या जागी बारीक खड्डा करायचा, म्हणजे त्यात सावली बसते आणि दगड बघायला लागतो. असे डोळे मी शेकडो केले होते. संतांना, सिंहांना, पावसाचं पाणी ओकणाऱ्या राक्षसांना.

मी डाव्या पापणीला सर्वांत बारीक छिन्नी लावली आणि हातोडी टेकवली, मारलीदेखील नाही. पापणी निघाली. अंड्याचं कवच निघावं तशी, पातळ, अखंड, आणि माझ्या तळहातावर पडली. आमचा दगड बाहेरून काळवंडतो आणि आतून ताजा, मधाच्या रंगाचा असतो. फोडल्यावर त्याला ओल्या मातीचा वास येतो. मी तो रंग आणि तो वास येण्याची वाट पाहत होतो. आला नाही. पापणीखाली डोळा आधीच होता. गुळगुळीत, घासून पुरा केलेला, बुबुळाच्या खड्ड्यासकट. मला कोरायला काही ठेवलेलंच नव्हतं.

मी थांबायला हवं होतं. कुणीही शहाणा पाथरवट थांबला असता. पण एक डोळा उघडा आणि एक मिटलेला असा माणूस सोडून मी कसा जाणार होतो? घंटा संपत आली होती, मी घाई केली, आणि उजवी पापणी काढताना छिन्नी कडेला घसरली. खालच्या कडेचा एक टवका उडाला. गव्हाच्या दाण्याएवढा. मी तो धुळीत चाचपडून शोधला, सापडला नाही. सापडला असता तरी काय करणार होतो? दगडातून काढलेलं दगडाला परत लावता येत नाही, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात, डावखुऱ्या छिन्नीच्याही आधी.

मी खाली उतरलो तेव्हा वेंडेलिन शेडमध्ये बाकावर बसला होता, समोर अर्धवट खाल्लेला पाव.

"तू मला आत्ता हाक मारलीस?" त्याने विचारलं.

"घंटेत? ऐकू तरी येईल का?"

"तेच म्हणतो." तो कपाळ चोळत होता. "एकदम दचकून जागा झालो बघ. आणि गंमत म्हणजे मी झोपलोच नव्हतो. पाव खात होतो."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. चेहऱ्याकडे तर नाहीच.

शेवटच्या दिवशी वेंडेलिन चार वाजता परांचीवरून उतरला, स्वतःच्या पायांनी, एकेक पायरी मोजत. मी तळाशी दोन्ही हात पसरून उभा होतो, आणि तो उतरल्यावर सगळ्यांच्या देखत मी त्याच्या टकलाचा मुका घेतला, तेव्हा लोक टाळ्या वाजवून हसले. त्याने ॲप्रन खुंटीला लावला. बिअरचं पिंप उघडलं, आल्मुटने भाषण केलं, सॉसेजं भाजली गेली. त्याने आपल्या पावातलं सॉसेज आधी टेबलावर आपटून पाहिलं, तेव्हा मला हसताना रडू आलं. मी त्याला जिवंत खाली आणला होता. ते कुणाला माहीत नव्हतं तरी चालणार होतं.

मग रीतीप्रमाणे तो पेला घेऊन आपला चेहरा बघायला एकटाच वर गेला. माणूस चेहऱ्यासमोर एक घोट ओततो आणि एक आपण पितो, बस्स. दोन मिनिटांचं काम. वेंडेलिन अर्ध्या तासाने आला. पेला भरलेलाच होता.

"डोळे बदललेस," तो मला म्हणाला.

"झोपाळू दिसत होतास."

त्याने मान डोलावली.

जूनच्या अखेरीला मला बाजारात रोझविता भेटली. टोपलीत चेरी होत्या, आणि ती त्या न पाहता एकाच जागी चिवडत उभी होती.

"रविवारी आला नाहीस," ती म्हणाली.

"पोट बिघडलं होतं."

"गेले पाच रविवार?" मग तिने आवाज उतरवला. "तो झोपत नाही, क्विरिन. त्या शुक्रवारपासून."

"कोणत्या शुक्रवारपासून?" मला माहीत होतं, तरी मी विचारलं.

"दोन डॉक्टर झाले. म्हणतात, सगळं ठीक आहे, उलट या वयात एवढी चांगली नाडी नसते. त्याला थकवाही येत नाही. रात्रभर माझ्या शेजारी पडून छताकडे बघतो. मी म्हटलं, निदान डोळे तरी मिट, मला भीती वाटते. तर म्हणतो, मिटतोय गं, तू म्हणतेस म्हणून मिटतोय. आणि बघावं तर ते उघडेच." तिने एक चेरी उचलली आणि पुन्हा ठेवली. "आणि उजवा डोळा तुला मोठा वाटतो का रे? थोडासा? गव्हाच्या दाण्याएवढा?"

मी म्हणालो, तुझाच भास असेल. आणि तिच्या टोपलीतल्या दोन चेरी पळवून, तिला हसवायचा प्रयत्न करून, तिथून निघालो. ती हसली नाही.

उन्हाळाभर मी त्याला टाळलं. पण तीन गल्ल्यांचं अंतर टाळायला माणसाला किती वळसे घ्यावे लागतात ते मला विचारा. आल्मुटने सांगितलं की तो आता रोज कॅथेड्रलमध्ये येऊन बसतो, सकाळी दार उघडल्यापासून ते बंद होईपर्यंत, दक्षिणेकडच्या मोठ्या खिडकीसमोरच्या बाकावर. सप्टेंबरमध्ये एका मंगळवारी मी डोकं खाली घालून आत गेलो, एखाद्या प्रवाशासारखा, टोपी हातात घेऊन.

बेचाळीस वर्षं मी त्या इमारतीच्या अंगाखांद्यावर वावरलो, पण आत शांतपणे बसायला मी फारसा गेलो नव्हतो. वर ज्यांना हात लावायचो ते दगड खालून फारच लांब वाटत होते. खांब झाडांच्या खोडांसारखे वर जाऊन काळोखात एकमेकांत मिसळले होते, कुणीतरी ऑर्गनवर एकच सूर पुन्हा पुन्हा तपासत होतं, आणि वेंडेलिन हात मांडीवर ठेवून ताठ बसला होता, मान किंचित वर. मी बाजूने येत असताना एका प्रवासी बाईने त्याच्या समोर उभं राहून, आधी त्याच्याकडे आणि मग बाजूच्या दगडी संताकडे पाहिलं, आणि दोघांचा एकत्र फोटो काढला. तिच्या नवऱ्याने तिच्या कानात काहीतरी सांगितल्यावर ती दचकून, माफी मागत निघून गेली. तो तिच्याकडे पाहून हसला. मला तो तुटका दात दिसला, आणि कसा कोण जाणे, धीर आला.

मी शेजारी बसलो.

"रोझविताच्या डाळीचा एवढा धसका घेतलास होय?" तोच आधी म्हणाला.

"वेंडेल, तो चेहरा मी केलेला नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. कानातले केस बघितले होतेस? एकेक केस सुटा, वळणासकट. तेवढा धीर तुझ्या हाताला कुठला? तू असतास तर चार रेघा मारून जेवायला गेला असतास."

"मग मिठी कसली मारलीस?"

"तुझं तोंड बघून." तो खिडकीकडेच बघत होता. "मला दिसलं, याने दगडाला हात लावलेला नाही. वर्षभर पोत्याखाली ठेवलाय. तो का ठेवलाय तेही मला कळलं होतं. म्हटलं, आता सगळ्यांसमोर याला ते कबूल करायला कशाला लावायचं? म्हणू देत सगळे, ते याचंच आहे."

दुपार कलत होती. सूर्य दक्षिणेच्या खिडकीवर आला आणि काचांमधून एक लाल-निळा पट्टा खांबावरून सरकत सरकत बाकावर आला, त्याच्या हातांवर चढला, छातीवर चढला, आणि चेहऱ्यावर येऊन थांबला. मी डोळ्यांवर हात घेतला. वेंडेलिनने घेतला नाही. लाल उजेड सरळ त्याच्या उजव्या डोळ्यावर पडला होता, त्या जरा जास्त उघडलेल्या डोळ्यावर, आणि त्याची पापणी हलली नाही. मी मोजत होतो. वीसपर्यंत मोजून मी सोडून दिलं.

"डोळे मात्र तुझेच," तो म्हणाला.

"हो."

"उजवा घाईत केलास."

"घंटा संपत आली होती." मग माझ्या तोंडून सगळंच एकदम बाहेर पडलं, आकड्याची खोक, ती मिटलेली पापणी, शेवटचा दिवस, शिडीला मारलेली मिठी. तो ऐकत होता, आणि मधूनच काहीतरी समजल्यासारखी मान हलवत होता, जणू मी त्याला एखाद्या तिसऱ्याच माणसाबद्दल सांगतोय. मी त्याचा हात धरला. त्याचा हात गार होता, पण हात नेहमीच गार असायचे त्याचे. "माझ्याकडे तो दगड अजून आहे," मी म्हणालो, "पोत्याखालचा. उद्यापासून बसतो. नवा चेहरा करतो तुझा, माझ्या हाताने, चार आठवडे लागोत की चार महिने लागोत, केस न् केस सुटा करतो. आणि डोळे मिटलेले. मेलेला माणूस नाही रे, झोपलेला. नुसता झोपलेला. तेवढा फरक मला करता येतो, वेंडेल. शपथ घेऊन सांगतो, या वेळी थट्टा नाही."

प्रकाशाचा पट्टा त्याच्या चेहऱ्यावरून पुढे सरकला. त्याने पहिल्यांदाच मान वळवून त्या उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि तशाच मऊ आवाजात म्हणाला, "आणि त्या झोपेतून मी उठलोच नाही, तर थट्टा नव्हती हे तू कुणाला पटवशील?"